‘आवारातच’मधला ‘च’

‘नमस्कार. मी ठाण्याला ढोकाळीत राहते. 84 फ्लॅटची, 1996 साली बांधलेली आमची सोसायटी. सेक्रेटरीपद कुणी घेईना म्हणून गेल्या वर्षी ते माझ्या गळ्यात पडलं. परवा पेपरात एका कोपऱ्यात जाहीर सूचना दिसली: महापालिकेच्या घनकचऱ्याच्या उपविधींचा (बायलॉजचा) मसुदा तयार आहे, हरकती व सूचना लेखी द्याव्यात. मुदतीचे बारा दिवस उरलेत. मसुद्यात म्हणे सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, नाहीतर दंड. आमच्या आवारात गाड्या लावायला जागा पुरत नाही, कचरा कुठे जिरवणार? चेअरमन म्हणतात, “लिहून काय होणार, वर सगळं ठरलेलं असतं.” मुलगा म्हणतो, आयुक्तांना एक्सवर टॅग कर. ग्रुपवर एक तयार नमुना फिरतोय, त्यावर घराघरातून सह्या करून द्यायच्या असं चाललंय. मला तर आधी वाटलं, बायलॉज म्हणजे आपल्या सोसायटीचेच. वकील लावावा लागेल का? आणि हे सगळं कुणी वाचतं तरी का?’
– एक सेक्रेटरी, ढोकाळी

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे. वाचतो. एक कारकून वाचतो. तो कारकून मी होतो.

एका महापालिकेत (नाव राहू द्या) मी एकोणतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सभेचे कागद तयार करण्यात. हरकतींची मुदत संपली की टपालाचा गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा आणि त्यातून एक तक्ता करायचा असायचा. चार रकाने: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, हरकतीचा गोषवारा, विभागाचा अभिप्राय. पत्र तीन पानी असो की तेरा पानी, तिसऱ्या रकान्यात त्याच्या दोन ओळी व्हायच्या. वर साहेबांपुढे जायचा तो तक्ता. पत्रं फाइलीत मागे टाचलेली राहायची, आणि खरं सांगायचं तर तिथेच राहायची.

तेव्हा ताई, त्या दोन ओळी तुम्ही लिहिणार की कारकुनावर सोडणार, एवढंच ठरवायचं आहे.

एकदा कुत्र्यांच्या परवान्याच्या मसुद्यावर पोतं भरून पत्रं आली. नऊशेच्या वर. मजकूर सगळ्यांचा एक, खाली सही तेवढी वेगळी. मी तक्त्यात लिहिलं, ‘एकाच आशयाची 900 हून अधिक पत्रे प्राप्त. सर्वसाधारण विरोध.’ अभिप्राय आला, ‘नोंद घेतली.’ त्याच गठ्ठ्यात एका निवृत्त मास्तरांचं एक पान होतं. दंडाचं कलम चुकीच्या पोटकलमाचा हवाला देतंय, त्यामुळे परवाना न काढणारा सुटतो आणि काढणारा अडकतो, एवढंच त्यांनी दाखवलं होतं. कुठला आकडा हवा तेही लिहिलं होतं. अभिप्राय आला, ‘दुरुस्ती मान्य.’ मास्तरांना याचा पत्ता लागला की नाही, मला माहीत नाही. मी कळवलं नव्हतं. तसं कळवायची पद्धत नव्हती.

म्हणून ग्रुपवरच्या नमुन्याबद्दल माझं मत सांगतो: फिरू दे त्याला. नगरसेवकाला आकडा दाखवायला त्या सह्या उपयोगी पडतील. पण तक्त्यात त्यांची एकच ओळ होणार, हे धरून चाला. सोसायटीचं पत्र वेगळं द्या.

आता बायलॉजचा घोळ. तो सगळ्यांचाच होतो. सोसायटीचे उपविधी सहकार कायद्याखालचे, त्यांचा संबंध उपनिबंधकांशी. महापालिकेचे उपविधी निराळे. ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 खाली होतात. याच कायद्याला पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, जुन्या कागदांवर अजून तेच नाव सापडेल. ठाण्याला हा लागू आणि नवी मुंबईलाही. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा, त्यामुळे दादरचे भाऊ किंवा मुलुंडच्या वहिनी कलमांचे आकडे सांगू लागल्या तर ते ठाण्याच्या पत्रात घालू नका. कुठल्या विषयांवर उपविधी करता येतात ते कलम 458 मध्ये आहे. त्यापुढच्या कलमांत रीत दिलेली आहे: आयुक्त मसुदा महापालिकेपुढे ठेवतात, जाहीर सूचना निघते, मसुदा मुख्य कार्यालयात लोकांना फुकट बघायला ठेवावा लागतो, मुदतीत लेखी आलेल्या हरकती विचारात घ्याव्या लागतात आणि सभेने मंजूर केल्यावरही राज्य शासनाची मान्यता लागते. तुमच्या चेअरमनसाहेबांच्या ‘वर सगळं ठरलेलं असतं’ मध्ये तथ्य आहे, मी नाकारत नाही. दर किती ठेवायचा, ठेका कसा द्यायचा, असलं बरंच ठरूनच आलेलं असतं. पण व्याख्या, मुदती, सवलती, ‘किंवा’ आणि ‘व’ हे बहुधा कुणी ठरवलेलं नसतं. ते दुसऱ्या कुठल्या तरी शहराच्या मसुद्यावरून उतरवलेलं असतं. तिथे जागा असते.

आणि हरकत कुणीही घेऊ शकतं. मालकच हवा, करदाताच हवा, असं काही नाही. भाडेकरूने द्यावी, खालच्या किराणावाल्याने द्यावी. तुमच्याकडे झाडलोटीला येणाऱ्या मावशींना तुम्ही विचारलंत का? उद्या खताचा खड्डा झाला तर त्यात हात त्यांचे जाणार. पावसाळ्यात त्या खड्ड्यात अळ्या किती होतात हे समितीपेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने एका पानावर लिहून द्या, सही किंवा अंगठा घ्या. असं पत्र गठ्ठ्यात आलं की कारकून थांबून वाचतो, अनुभवाने सांगतो.

पहिलं काम मसुदा मिळवण्याचं. ग्रुपवर आलेला फोटो नव्हे, पूर्ण मसुदा, परिशिष्टांसकट. दंडाचे आणि शुल्काचे आकडे नेहमी मागच्या परिशिष्टात असतात आणि फोटो काढणारा तिथवर पोचत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळाला तर ठीक, नाहीतर पाचपाखाडीला मुख्यालयात घनकचरा व्यवस्थापन विभागात किंवा सचिव कार्यालयात जाऊन मागा. ‘पाहायला मिळेल का’ असं विचारू नका, ‘पाहायला ठेवलेला मसुदा कुठे आहे’ असं विचारा. विकत प्रतही मिळते, शुल्क भरून. पेपरातली ती सूचनाही कापून ठेवा, पण पेपराचं नाव आणि तारीख राहील अशी. मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची यावरून पुढे वाद झाला तर तेच कात्रण कामाला येतं. आणि मुदतीचा अर्थ पत्र पोचण्याची मुदत, टपालात टाकण्याची नव्हे.

मसुदा मिळाला की पेन्सिल घेऊन बसा. पत्रासोबत तुम्ही मसुद्यातलं जे वाक्य उतरवून पाठवलंत ते मी चारदा वाचलं: ‘प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने ओल्या कचऱ्यावर आपल्या आवारातच प्रक्रिया करणे बंधनकारक राहील.’ तुमचं सगळं दुखणं ‘बंधनकारक’मध्ये आहे असं तुम्हाला वाटतंय. मला ते दोन ठिकाणी दिसतं. एक, ‘प्रत्येक’. दुसरं, ‘आवारातच’मधला तो ‘च’. तो ‘च’ काढला तर शेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून एका ठिकाणी खत करायला वाट मोकळी होते. तो ठेवला तर तुमच्या कुंपणाबाहेर अर्ध्या फुटावर केलेलं खतही नियमभंग ठरतं. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात हे असेल असं मला वाटत नाही, बोलण्याच्या ओघात लिहिला गेला असेल. आपण मराठी माणसं ‘च’ फार सहज लावतो. पण उपविधीत तो बसला की निरीक्षक पावतीपुस्तक घेऊन त्याच्यावरच बोट ठेवणार.

तसंच ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक बघत चला. महापालिका कचरा ‘उचलील’ म्हटलं असेल तर ते तिचं काम. ‘उचलू शकेल’ म्हटलं असेल तर ती मेहेरबानी. मसुदा मराठी आणि इंग्रजी असा दोन्हीत असेल तर ही जागा दोन्हीत ताडून पाहा. दोन्हींत फरक निघाला तर तीच एक स्वतंत्र हरकत, आणि तिला ‘नोंद घेतली’ म्हणून बाजूला सारणं विभागाला जड जातं.

आता ‘प्रत्येक’. केंद्राच्या घनकचरा नियमांत मोठ्या कचरानिर्मात्यासाठी दिवसाला 100 किलोची रेघ आहे. क्षेत्रफळाची आणि पाणीवापराचीही अट असते, ती तुमच्या सोसायटीला लागू पडते का हे आधी कागदपत्रांवरून बघून घ्या. 2016 च्या नियमांनीच स्थानिक संस्थांना आपापले उपविधी करायला सांगितलं होतं, म्हणजे या मसुद्याचं मूळ तिथे आहे. मुळात जी रेघ आहे ती मसुद्यात ‘प्रत्येक’ म्हणून पुसली असेल तर ते दाखवायला हवं. पण नुसतं ‘आमचा कचरा कमी आहे’ म्हणून भागणार नाही. भंगारवाल्याकडून काटा मागून आणा, पन्नास-शंभर रुपये देऊन. सात दिवस सकाळी गाडी यायच्या आत ओल्याचा डबा वेगळा आणि सुक्याचा वेगळा तोला. वहीत तारीख, किलो, तोलणाऱ्याची सही. रविवार सोडू नका, रविवारी मासळी-मटणामुळे वजन वाढतं आणि तो दिवस गाळला तर आकड्यावर शंका घेतली जाते. बारा दिवसांतले सात यात जातील, म्हणून उद्याच सुरू करा.

समजा ओला रोज सरासरी 46 किलो आणि सुका 25 भरला. मग परिच्छेद साधारण असा होईल:

‘मसुद्यातील कलम (क्रमांक), पोटकलम (क्रमांक) मधील “प्रत्येक” व “आवारातच” या शब्दांस हरकत. आमच्या संस्थेत 84 सदनिका असून दि. … ते दि. … या सात दिवसांत प्रत्यक्ष वजन केले असता दैनिक सरासरी कचरा 71 किलो आहे (तक्ता सोबत). इमारत 1996 मधील असून आवारात मोकळी माती असलेली जागा केवळ … चौ. फूट आहे (नकाशाची प्रत व छायाचित्रे सोबत). सबब “प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने” ऐवजी “दररोज 100 किलो वा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने” आणि “आपल्या आवारातच” ऐवजी “आपल्या आवारात अथवा लगतच्या संस्थांसमवेत सामायिक जागेत” असे शब्द घालावेत. उपविधी अमलात येण्यापूर्वीच्या इमारतींना दंडाची तरतूद एक वर्षानंतर लागू करावी.’

बस. कुठलं कलम, काय अडतं, पुरावा काय, त्याऐवजी कुठले शब्द. कारकुनाला हे जसंच्या तसं तिसऱ्या रकान्यात उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, उलट त्याचं काम वाचतं म्हणून तो खूश होईल. दुसरी हरकत असेल तर दुसरा परिच्छेद, वेगळा क्रमांक. दोन पानांच्या वर जाऊ नका. ‘आम्ही नियमित कर भरतो, आमच्या भागात पाणी येत नाही, रस्त्याला खड्डे’ हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको. ते घातलंत की गोषवाऱ्यात ‘इतर तक्रारी’ असा शेरा येतो आणि तुमचा ‘च’ त्यात बुडतो. मराठीतच लिहा. महापालिकेचं कामकाज मराठीत चालतं आणि तुमचे शब्द जसेच्या तसे मसुद्यात बसायला हवे असतील तर ते मसुद्याच्याच भाषेत हवेत.

शुल्काचं कलम असेल तर तेही असंच वाचा. मुंबई महापालिकेने 2025 च्या एप्रिलमध्ये घनकचरा उपविधींचा मसुदा काढून 31 मेपर्यंत हरकती मागवल्या होत्या. त्यात घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे महिन्याला 100, 500 आणि 1000 रुपये असे टप्पे सुचवले होते आणि पहिला टप्पा 50 चौरस मीटरपर्यंतच्या घरांचा होता. बहुतेकांनी ‘शुल्कच नको’ म्हटलं. भावना बरोबर. पण तुमच्याकडे असा टप्पा आला तर ते क्षेत्रफळ कार्पेट धरायचं की बिल्टअप, हेही विचारा. रेघेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या घराचं महिन्याचं बिल त्या एका शब्दावर ठरतं.

अजून एक. सूचनेत ‘हरकती व सूचना’ असं असतं आणि लोक ‘सूचना’ विसरतात. मसुद्यात एखादं कलम चांगलं असेल, उदाहरणार्थ सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून देण्याचं, तर ‘हे कलम आहे तसे ठेवावे’ असं लिहा. ज्यांना ते नको ते लिहिणारच आहेत. तक्त्यात फक्त विरोध दिसला तर चांगलं कलम गळतं. ज्यांना ते पटलेलं होतं ते सगळे घरी स्वस्थ बसलेले असतात.

पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, सोबत व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत. नाव, पत्ता, फोन स्पष्ट. निनावी पत्र तक्त्यात येत नाही. शेवटी एक ओळ घाला, ‘सुनावणी झाल्यास आम्हास प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’ उपविधींच्या बाबतीत सुनावणी होईलच असं नाही, पण मागितली नाही तर बोलावणंही येणार नाही. झालीच तर भाषण नको, पत्रातला परिच्छेद वाचून दाखवा आणि वजनाची वही पुढे करा.

दोन प्रती घेऊन मुख्यालयाच्या आवक विभागात जा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. सूचनेत प्रभाग कार्यालयाचा उल्लेख असेल तरच तुमच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत द्या, नाहीतर तिथला कागद पाचपाखाडीला पोचेपर्यंत मुदत उलटते. सूचनेत ईमेल दिला असेल तर त्यावरही पाठवा. टपालाने पाठवायचं तर स्पीड पोस्ट. जुनं रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं. शेवटच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी रांग असते, शिक्क्याची शाई संपते, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही.

एक्सवरचा टॅग हरकत धरला जात नाही. मुलाला म्हणावं टॅग कर, पण शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो लावून.

पत्र दिलं की दुसऱ्याच दिवशी नगरसेवकांना गाठा. 2022 च्या मार्चपासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत ठाण्यात प्रशासकच महासभा आणि तेच स्थायी समिती होते, तेव्हा हा मार्गच बंद होता. नवी मुंबईत तर 2020 पासून. आता तुमच्या प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक आहेत, वेगवेगळ्या पक्षांचे असले तर आणखी बरं. सगळ्यांना पूर्ण पत्र देऊ नका, त्यांच्याकडे कागदांचे ढीग असतात. अर्ध्या पानावर फक्त कलम, अडचण आणि बदललेले शब्द लिहा आणि विचारा, हा विषय सभेच्या पटलावर कधी येणार? सभेत ‘उपसूचना’ म्हणून, म्हणजे दुरुस्तीचा प्रस्ताव म्हणून, तेच शब्द वाचून दाखवायला सांगा. सभेत ते हाणून पाडलं गेलं तरी शासनाच्या मान्यतेचा टप्पा उरतो. शिक्क्याची झेरॉक्स जोडून तेच पत्र मंत्रालयात नगरविकास विभागाला पाठवता येतं.

महिन्या-दोन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम आहे. मागायचं एवढंच: ‘प्राप्त हरकती व सूचनांचा गोषवारा व त्यावरील विभागाचे अभिप्राय यांची प्रत.’ म्हणजे तोच तक्ता. उत्तराला 30 दिवसांची मुदत. मास्तरांना जे मी कळवलं नाही ते तुम्हाला असं कळेल.

वकील नको. वकिलाची गरज कोर्टात जायची वेळ आली तर, आणि तेव्हा तो पहिल्यांदा तुमच्याकडे शिक्क्याची प्रतच मागेल.

जाता जाता: सगळ्या जाहीर सूचनांची मुदत सारखी नसते. झाडं तोडण्याची नोटीस झाडावर चिकटवतात, तिला सातच दिवस. विकास आराखड्याला महिना असतो, आणि तिथे सुनावणी कायद्यातच आहे. तेव्हा पेपर रद्दीत द्यायच्या आधी ते कोपरे बघायची सवय लावा. तुमच्या सोसायटीत निवृत्त कुणीतरी असेलच, त्यांना हे काम फार आवडतं.

आणि प्रती तीन काढा. तिसरी चेअरमनसाहेबांना द्या. त्यांच्याकडूनही पोच घ्या, सही-तारखेसकट.